रात्रीचं अंगावरचं दूध कसं सोडवायचं: झोपताना हटून बसणाऱ्या मुलांच्या आयांसाठी

दिवसभर वरणभात, पोळी, केळं सगळं खाणारं मूल रात्री गादीवर पडलं की गाऊनची चेन शोधायला लागतं. अशा दीड-दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या आयांसाठी हे लिहितेय. वर्षाच्या आतल्या बाळांसाठी हा लेख नाही. त्यांचं रात्रीचं दूध हे अजून जेवणच असतं, ते असं तोडायचं नसतं.

माझ्या मुलीला सव्वादोन वर्षं झाली तेव्हा मी या भानगडीत पडले. सल्ल्यांना तोटा नव्हता. "कडू लाव, दोन दिवसांत विसरते बघ" म्हणणाऱ्या होत्या, आणि "राहू दे गं, कॉलेजात जाताना पिणार आहे का?" म्हणणाऱ्याही होत्या. नेमकं आज रात्री काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नव्हतं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचा सगळा क्रम तिच्यावरच लावलाय. या वयात मूल रात्री मागतं ते बहुतेक वेळा झोपेसाठी. डोळा लागायची त्याला तेवढी एकच रीत माहीत असते. आधी दुसरी रीत शिकवा, मग ही काढून घ्या. उलट केलंत तर मुलाकडे काहीच उरत नाही आणि ते रात्रभर घर डोक्यावर घेतं.

सुरुवात कधी करावी, कधी करू नये

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं आहे की पहिले ६ महिने फक्त आईचं दूध द्यावं आणि त्यानंतर वरच्या अन्नासोबत २ वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही चालू ठेवावं. म्हणजे दुसऱ्या वाढदिवसाला दूध तुटलंच पाहिजे असं काही नाही. "एवढी मोठी झाली तरी पिते?" असं विचारणाऱ्या काकूंना उत्तर द्यायलाही तुम्ही बांधील नाही. तुम्हाला स्वतःला पुरे झालं असेल तर तेवढं कारण बास आहे. मग ते रात्री सारखं उठून पाठ गेलीय म्हणून असो, कामावर रात्रपाळी लागतेय म्हणून असो, नाहीतर नुसता कंटाळा आलाय म्हणून.

या वेळी मात्र थांबा:

- मुलाला ताप, सर्दी किंवा जुलाब चालू असताना. जुलाबात ओआरएससोबत अंगावरचं दूध पोटात टिकतं. ते नेमकं तेव्हाच बंद करण्यात शहाणपण नाही.
- दाढा येत असताना, किंवा १६ ते २४ महिन्यांतले बूस्टर डोस नुकतेच दिलेले असताना.
- पाळणाघर नवीन असेल, घर बदललं असेल, आई-बाबांपैकी कुणी गावाला गेलं असेल तेव्हा.
- धाकटं बाळ यायला आठ-पंधरा दिवस उरलेत तेव्हा. एकतर दोन-तीन महिने आधी सोडवा, नाहीतर बाळ आल्यावर घरची घडी बसू द्या.

पोटात दुसरं बाळ आहे म्हणून पाजणं लगेच थांबवावं लागतं असं सरसकट नाही. पण आधी गर्भपात झाला असेल किंवा दिवस भरण्याआधी बाळंत झाला असाल तर तुमच्या डॉक्टरांना विचारा. मुलाचं वजन वाढत नसेल तर आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा, हा लेख नंतर वाचा.

जवळ काय असावं

- गोल गळ्याचे टी-शर्ट किंवा कुर्ते. चेनचे गाऊन कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाका. चेनचा आवाज आला की मुलाला आठवतंच.
- छोटा स्टीलचा पेला किंवा स्ट्रॉचा कप. बाटली नको.
- मुलाच्या आवडीची एक गोधडी, दुपटं किंवा मऊ बाहुली.
- मंद पिवळा दिवा.
- फ्रिजमध्ये ओले करून ठेवलेले दोन-तीन सुती रुमाल. हे तुमच्यासाठी.
- घरातलं दुसरं एक माणूस, जे पहिल्या काही रात्री मुलाला झोपवेल. यादीतली सगळ्यात महाग वस्तू हीच.

१. दिवसाचं आधी कमी करा

रात्रीला थेट हात घालू नका. दिवसा नियम असा ठेवा: मागितलं तर नाही म्हणायचं नाही, पण आपणहून द्यायचंही नाही. पडलं, रडलं की छातीशी लावायची आपल्याला सवय असते. तिथे आधी उचलून घ्या, फुंकर घाला, पाणी द्या.

जागाही बदला. ज्या सोफ्याच्या कोपऱ्यात बसून तुम्ही पाजता तिथे बसलात की मूल हजर होतं. काही दिवस खुर्चीवर बसा किंवा उभ्यानं कामं करा.

नोकरी करणाऱ्या आयांना संध्याकाळी दारातच मूल चिकटतं. ते दूध घाईनं तोडू नका. दिवसभराची भेट असते ती. दुपारचं, सकाळचं, मधलं-अधलं आधी जाऊ द्या. दर चार-पाच दिवसांनी एक वेळ कमी केली तर छातीतही दूध हळूहळू आटतं आणि गाठी होत नाहीत.

२. रात्रीचं जेवण भक्कम करा

हे मुलापेक्षा तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे. रात्री दोन वाजता मूल रडायला लागलं की "भूक तर नसेल ना?" ही शंका आईला हरवते. पोट भरलेलं आहे याची खात्री असली की मन डगमगत नाही.

साडेसात-आठला नीट जेवण द्या: मऊ खिचडी-तूप, भाजी-पोळीचा कुस्करा, अंडं, मुगाचं धिरडं, जे घरात असेल ते. झोपायच्या थोडं आधी पुन्हा काही हलकं, म्हणजे नाचणीचं सत्त्व किंवा अर्धं केळं. बिस्किटानं भूक मरते, पोट भरत नाही.

इथे एक खड्डा आहे. अंगावरचं सुटतंय म्हणून अनेक घरांत गाईच्या-म्हशीच्या दुधाचा मारा सुरू होतो. वर्षावरच्या मुलाला दिवसाला साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर दूध पुष्कळ झालं, तेही दही-ताक धरून. त्याहून जास्त दिलं की मूल जेवत नाही. शिवाय दुधात लोह फार थोडं असतं आणि ते इतर अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही, त्यामुळे अंगातलं रक्त कमी होतं. डाळी, पालेभाज्या, अंडं, मटण-मासे यांना सुट्टी देऊ नका. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना सरकारी योजनेतून आठवड्यातून दोनदा लोहाचं सिरप द्यायचं असतं. ते मिळत नसेल तर आशाताईंकडे किंवा अंगणवाडीत विचारा.

आणि ते दुधाच्या पावडरीचे डबे. १९९२ च्या कायद्यानं २ वर्षांपर्यंतच्या बाळांच्या डब्यांच्या जाहिरातीला बंदी आहे, म्हणून जाहिराती नेमक्या त्यापुढच्या वयाच्या पावडरींच्या दिसतात. नीट जेवणाऱ्या मुलाला त्यांची गरज नसते. डब्याच्या मागे साखर किती आहे ते वाचलंत तर माझं म्हणणं पटेल.

३. दूध आणि झोप यांच्यात फट पाडा

खरं काम या पायरीवर आहे. हिला दोन आठवडे लागले तरी द्या.

आत्ता क्रम असा असेल: दात (कधीकधी), गादी, दिवा बंद, दूध, झोप. तो बदलून असा करा: दूध, दात घासणं, शू, गोष्ट, दिवा बंद, झोप. दूध काढून घेतलेलं नाही, फक्त रांगेत पुढे ढकललंय. आणि ते गादीवर द्यायचं नाही. बाहेरच्या खोलीत, दिवा चालू ठेवून, बसून द्यायचं. मूल पेंगायला लागलं की थांबवायचं. ओढून काढू नका, दोघींनाही दुखतं. करंगळी मुलाच्या ओठांच्या कोपऱ्यातून हळूच आत सरकवा, पकड सुटते.

मग दात घासायचे. दूध पिताना झोपणाऱ्या मुलाच्या तोंडात रात्रभर गोडी राहते आणि पुढचे दात किडायला लागतात, म्हणून दुधानंतरचं घासणं टाळू नका.

यानंतर गादीवर काय करायचं ते रोज तेच आणि त्याच क्रमानं. एक गोष्ट, एक अंगाई, पाठीवर थोपटणं. मूल नव्या गोष्टीचा हट्ट करील, पण इथे तोचतोचपणाच कामाचा असतो. आठवडाभरात त्या गोष्टीच्या शेवटी जांभई येऊ लागते.

थोपटूनही झोपत नसेल तर पहिले काही दिवस पुन्हा थोडं पाजा, पण मोजून. "दहा म्हणेपर्यंत" असं सांगा आणि सावकाश मोजा. दोन दिवसांनी आठ, मग पाच. दहाच्या पुढे अकरा म्हणायचं नाही.

दुपारच्या झोपेवरही लक्ष ठेवा. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते. संध्याकाळी पाचला उठलेलं मूल रात्री नऊला झोपणार नाही आणि दोष दुधाला जाईल. साडेतीन-चारपर्यंत उठवाच.

४. मुलाला आधी सांगा

दोन वर्षांच्या मुलाला वाटतं त्यापेक्षा खूप कळतं. चार-पाच दिवस आधीपासून, दिवसाढवळ्या, मूल मजेत असताना सांगा: "आता रात्री दुदू झोपणार. उजाडलं की उठणार." गोष्टीतही आणा: मांजरीचं पिल्लू झोपलं, चिऊ झोपली, काऊ झोपला, दुदू पण झोपलं.

"दुदू संपलं", "दुदूला बाऊ झाला" असं काही सांगू नका. संपलं म्हणून सांगितलं आणि सकाळी मिळालं तर तुमच्या शब्दावर मूल पुन्हा विश्वास का ठेवील? बाऊ झाला म्हटलं की काही मुलं आईला दुखतंय म्हणून घाबरून रडतात. "उजाडल्यावर" हे खरं आहे आणि खिडकीतून दिसतं. सकाळी मागितलं तर ते वचन पाळा. सकाळचं दूध सोडवायचं असेल तर ते नंतर, वेगळं.

५. झोपवणारं माणूस बदला

आईच्या अंगाला दुधाचा वास असतो. ती शेजारी पडून "नाही" म्हणते तेव्हा मुलाच्या दृष्टीनं ताट समोर ठेवून हात बांधल्यासारखं होतं. म्हणून पहिल्या काही रात्री बाबा, आजी, मावशी, जे मुलाच्या सवयीचं असेल त्यानं झोपवावं. तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपा. एकच खोली असेल तर निदान मधे बाबा आणि भिंतीकडे तुम्ही.

बाबांसाठी चार ओळी, हा भाग त्यांना मुद्दाम वाचायला द्या. मूल तुमच्याकडे येऊन लगेच शांत होणार नाही, त्यात तुमचा अपमान नाही. कडेवर घ्या, खांद्यावर टाका, खिडकीशी उभे राहा, पाणी पाजा. तोंडानं एकच वाक्य म्हणत राहा. मोबाइल काढू नका, नाहीतर महिन्याभरानं मोबाइल कसा सोडवायचा ते शोधत बसाल. आणि दहा मिनिटांत "घे गं, ऐकत नाहीये" म्हणून मूल परत करू नका. त्या दिवशी हात टेकायचे असतील तर सुरुवातच दुसऱ्या दिवशी करा.

एकत्र कुटुंब असेल तर सगळ्यांशी आधी बोलून घ्या. नातवंडाचं रडणं आजीला ऐकवत नाही, ती आतून हाक मारते, "अगं दे ना एकदाचं, लेकरू रडतंय." तिच्यावर चिडून उपयोग नाही, तिला काम द्या. माझ्या सासूबाईंना मी गोष्टीचं खातं दिलं होतं. त्यांनी रोज तीच गोष्ट सांगितली आणि नंतर मुलगी त्यांच्याशिवाय झोपेना, हा वेगळा विषय.

घरात दुसरं कुणीच नसेल तरी जमतं, वेळ थोडा जास्त लागतो. गोल गळ्याचा टी-शर्ट घाला. मुलाशेजारी आडवं पडण्याऐवजी बसून, पाठीमागून थोपटा. उशी मधे ठेवा.

६. प्रत्यक्ष त्या रात्री

शुक्रवारी किंवा दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हा सुरू करा. शेजाऱ्यांना सांगून ठेवलंत तर तुमच्यावरचाच ताण कमी होतो.

सगळ्या रात्रीचं एकदम बंद करणं जड वाटत असेल तर आधी एक पट्टा ठरवा, समजा रात्री ११ ते पहाटे ५. त्या वेळात दूध नाही, इतर सगळं आहे: कुशी, पाणी, थोपटणं, कडेवर घेणं. हे जमलं की झोपतानाचं काढा.

मूल रडेल. राग काढेल, टी-शर्ट ओढेल, बाबाला लाथा मारेल. कुणाच्या तरी कुशीत रडणं आणि अंधारात एकट्यानं रडणं यांत फार फरक आहे. एकट्याला सोडू नका. "तुला दुदू हवंय, राग आलाय, हो ना" असं म्हणत जवळ राहा. बहुतेक घरांत दुसरी किंवा तिसरी रात्र पहिलीपेक्षा जड जाते आणि त्यानंतर उतार लागतो.

सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे दीड तास रडू देऊन मग देणं. मुलाला त्यातून एकच धडा मिळतो, की दीड तास रडलं की मिळतं. आज आपल्याच्यानं होणार नाही असं वाटलं तर पहिल्या पाच मिनिटांत द्या आणि आठवडाभर पुढे ढकला. त्यात काही बिघडत नाही. मात्र रडून उलटी झाली, अंग गरम लागलं, मूल सारखं कानाकडे हात नेतंय असं दिसलं तर ते हट्टाचं रडणं समजू नका.

७. तुमच्या छातीचं काय

याबद्दल कुणी बोलत नाही आणि मग बाई तापानं फणफणते. हळूहळू कमी केलं असेल तर फारसा त्रास होत नाही. तरी पहिल्या रात्री छाती भरून दगडासारखी होऊ शकते. बाथरूममध्ये जाऊन हातानं थोडं दूध काढा, फक्त ताण उतरेल इतकंच. पूर्ण रिकामं केलंत तर शरीराला वाटतं मागणी आहे, आणि दूध तेवढंच परत येतं. गार रुमाल ठेवा. काहींना कोबीची गार पानं आराम देतात. नीट बसणारी ब्रा घाला, पण छाती करकचून बांधू नका, त्यानं गाठी होतात. दक्षिणेत मोगऱ्याची फुलं छातीशी बांधायची जुनी रीत आहे. वास छान येतो, एवढं मी म्हणेन.

छातीवर लाल, गरम, दुखरा पट्टा दिसला, १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, थंडी वाजली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. दूध बंद करायच्या गोळ्या मैत्रिणीनं सांगितल्या म्हणून मेडिकलमधून आणू नका. त्यांचे परिणाम रक्तदाबावर आणि मनावरही होतात.

दूध सुटल्यावर काही दिवस उगाच रडू येतं, चिडचिड होते. शरीरातली संप्रेरकं बदलत असतात. दोन आठवड्यांनंतरही झोप-भूक उडालेली राहिली तर डॉक्टरांशी बोला. दाबल्यावर दोन थेंब दूध पुढे कित्येक आठवडे येतं, ते चालतं. आणि अंगावर पाजतेय म्हणून दिवस राहणार नाहीत या भरवशावर असाल तर तो भरवसा पहिल्या ६ महिन्यांपुरता असतो, तोही पाळी आलेली नसेल आणि बाळ फक्त अंगावरच असेल तर.

हे करू नका

*कडुनिंब, काळा बोळ, मिरची.* मिरचीनं मुलाचे ओठ आणि डोळे भाजतात, त्यात प्रश्नच नाही. काळ्या बोळानं जुलाब होतात. कडुनिंबानं मूल दचकून सोडतं खरं, पण झोपायचं कसं ते त्याला तरीही येत नाही. काही पठ्ठी तोंड वाकडं करून पुसून पितात, ते निराळं.

*आजोळी पाठवणं.* आपल्याकडची सर्वांत जुनी युक्ती. मूल मामाकडे रमतं, दूध सुटतंही. पण एकाच दिवशी आई आणि दूध दोन्ही गायब होतं, आणि इकडे तुमची छाती फुटायला येते. न्यायचंच असेल तर दूध सुटल्यावर न्या.

*बाटली.* अंगावरचं सुटून बाटली लागली तर तीच लढाई दुसऱ्या मैदानात. तिचे दातांवरचे परिणामही वाईट.

*झोपेसाठी सर्दी-खोकल्याचं औषध.* कधीच नाही. जायफळाचंही तसंच. गुटीतल्या एखाद्या वेढ्याची सवय घरोघरी असते, पण झोपत नाही म्हणून वेढे वाढवत नेऊ नका, जास्त जायफळ विषारी ठरतं.

सुटल्यावर परत मागितलं तर

मागेलच. ताप येईल, लग्नाला परगावी जाल, धाकट्याला पिताना बघेल. आजारपणात काही दिवस दिलंत तर सगळं पाण्यात गेलं असं नाही. बरं वाटलं की तिसऱ्या पायरीपासून पुन्हा धरा, या वेळी लवकर होतं. धाकट्याला बघून मागणाऱ्या मुलाला एकदा चाखू दिलं तर बरीच मुलं तोंड काढून निघून जातात, ओढायचं कसं तेच विसरलेली असतात.

दूध सुटलं तरी गळ्यात हात घालून झोपायची सवय बऱ्याच मुलांना राहते. चालत असेल तर चालू द्या. नको असेल तर हात झटकू नका, उचलून दुसरीकडे ठेवा: गोधडीचा कोपरा, तुमचा कान, कोपराची मऊ कातडी. कोपर उत्तम. ते कुठल्याही कपड्यातून मिळतं आणि बाबाचंही चालतं.